माझ्या भावानं पाहिलेली नदी

माझ्या चुलतभावानं चीनमधली ह्वांग हो, म्हणजे पिवळी नदी, पाहिली आणि मी पाहिली नाही. एवढ्या एका गोष्टीवरून पन्नाशीला टेकलेला, केस पिकलेला भूगोलाचा शिक्षक किती खालच्या थराला जाऊ शकतो, ते मला लिहून ठेवायचं आहे. दुसऱ्यांच्या चुका मी वर्गात रोजच काढतो. एकदा स्वतःचीही काढून बघतो.

सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी चोवीस वर्षं भूगोल शिकवतो. चीन शिकवायची वेळ आली की मी नकाशा टांगत नाही. फळ्यावर हातानं काढतो, एका दमात, आणि नदीसाठी पिवळा खडू वेगळा राखून ठेवलेला असतो. तो खडू दुसऱ्या कोणी वापरला तर मी चिडतो, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. नदी तिबेटच्या पठारावरून निघते, वर उत्तरेला चढते, वाळवंटाला खेटून थोडी पुढं जाते, मग तिथून सरळ दक्षिणेला खाली उतरते आणि शेवटी काटकोनात वळून पूर्वेच्या समुद्राकडं जाते. हे वळण काढताना माझा खडू कधी अडखळत नाही. मुलांना मात्र परीक्षेपुरतं एकच वाक्य देतो, की ह्वांग हो पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहते. ते वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. पेपरात त्याला पूर्ण मार्क मिळतात.

मी स्वतः मुलांच्या सहली घेऊन बदामी-विजापूरला गेलोय, एकदा कोकणात गेलोय. पासपोर्ट काढायचं दर उन्हाळ्यात ठरवतो. दर उन्हाळ्यात पेपर तपासायला येतात आणि ते राहून जातं. बायको म्हणते, तुम्हांला जायचंच नाही, नुसतं सांगायचंय. तिचं हे वाक्य मी आजवर मनाला लावून घेतलं नव्हतं.

चुलतभाऊ माझ्याहून पाच महिन्यांनी लहान, म्हणून मी त्याचा दादा. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडचं. एकाच घरात वाढलो, एकाच बाकावर बसलो. भूगोलाच्या पेपरात नकाशा भरायचा प्रश्न आला की तो माझ्या कोपराखालून बघून भरायचा आणि तरीही गंगा महाराष्ट्रातून न्यायचा. दहावीला दोनदा बसला, मग सोलापुरात मागावर लागला. आज तो जॉबर आहे, म्हणजे टॉवेलच्या कारखान्यात माग अडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. कामात वाघ आहे, हे मी नाकारत नाही. नाकारलं तरी कोणी ऐकून घेणार नाही.

त्याच्या मालकानं चीनमधल्या कुठल्याशा आडबाजूच्या तालुक्यातल्या एका बंद पडणाऱ्या गिरणीचे जुने माग विकत घेतले. ते तिथं जाऊन खोलायचे, एकेका भागावर नंबर घालायचा, पेट्यांत भरायचे आणि सोलापुरात आणून पुन्हा उभे करायचे, असं काम होतं. मालकानं दोन माणसं पाठवली. त्यातला एक माझा भाऊ. दुसरा जेवणाला कंटाळून दीड महिन्यात परत आला. भाऊ सात महिने राहिला.

तो निघाला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन त्याला चीन समजावून सांगितला. हवामान, माती, नद्या, लोकसंख्या, सगळं. तो हात जोडल्यासारखा ऐकत होता. माझं झाल्यावर त्यानं एकच विचारलं, की शेंगाची चटणी विमानात नेऊ देतात का. मी त्याचा पासपोर्ट मागून घेतला आणि उघडून बघितला. फोटोत तो घाबरलेला दिसत होता. मला जरा बरं वाटलं.

ते सात महिने मी फार समंजसपणे काढले. कोणी विचारलं की सांगायचो, अहो तो गिरणीत असतो, सकाळी आत गेला की संध्याकाळी बाहेर, त्याला काय चीन दिसणार? हे मी इतक्या वेळा बोललो की मलाच खरं वाटू लागलं.

डिसेंबरात तो परत आला तेव्हा त्याच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. तो शहराच्या पूर्व भागात राहतो. शेजारी तेलुगू बोलणारं मागवाल्यांचं घर, समोर उर्दू बोलणारा टेम्पोवाला, आणि आमच्या घरात मराठीइतकीच कानडी. या सगळ्या भाषा त्याला न शिकता आल्या आहेत. तशीच तिकडचीही त्यानं कानानं उचलली होती, साठ-सत्तर शब्द तरी असतील. तो ते म्हणून दाखवत होता आणि सगळी गल्ली त्याच्यामागून म्हणत होती. माझी बायको पुढच्या रांगेत मांडी घालून बसली होती. लग्न झाल्यापासून ती माझा चीन ऐकते आहे, पण ऐकताना भाजी निवडते. त्या दिवशी तिचे हात मोकळे होते. मला खुर्ची दिली, पण मी बसलो नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो. बसलो असतो तर मीही ऐकणाऱ्यांतला झालो असतो.

आम्ही गळ्यात लिंग बांधणारी, मांसाला न शिवणारी माणसं. गिरणीच्या खोल्यांत मांस शिजायचं आणि त्या वासानं त्याच्या घशाखाली घास उतरेना. मग तिथल्या एका फिटरनं त्याला आपल्या आत्याकडं नेऊन ठेवलं. तासाभराच्या वाटेवर, नदीच्या वरच्या कड्यावर तिचं खेडं होतं. आत्या सत्तरीपुढची, एकटी राहणारी. तिनं त्याच्यासाठी राळ्यासारख्या बारीक धान्याची पेज, बटाटा आणि हातानं ओढलेल्या कणकेच्या लांब शेवया असा बेत लावून दिला.

आणि मग तो मुलूख सांगू लागला. सगळीकडं पिवळी माती. इतकी खोल की विहीर खणताना दगड लागत नाही. हातात चुरली तर बेसन, पण उभी कापली तर भिंत होऊन उभी राहते. डोंगरच्या डोंगर पायऱ्यांनी कापलेले. मधे अशा घळी की समोरच्या खेड्यातल्या माणसाशी इथून बोलता येतं, पण त्याच्याकडं चहाला जायचं तर दुपार मोडते. घरं त्या मातीतच कोरलेली, कमानीच्या दारांची. आत एक मोठा कट्टा, त्याच्या पोटातून चुलीची धग फिरवलेली, थंडीत सगळ्यांनी त्यावर झोपायचं. तरणी माणसं शहरांना लागलेली, गावात म्हातारेकोतारे, नातवंडं आणि शेळ्या. दुपारी कोणी घरात बसून जेवत नाही. मोठा वाडगा घेऊन दारात यायचं, भिंतीला पाठ लावून उकिडवं बसायचं आणि एकमेकांच्या वाडग्यात काय पडलंय ते बघत जेवायचं. पोरं फोन करतात का, बोरांना यंदा भाव येईल का, हेच बोलणं. बोरांची झाडं तिकडंही बांधाबांधावर.

मला हे सगळं ठाऊक होतं. लोएस मृदा, पायऱ्यांची शेती, गुहाघरे, स्थलांतर. मी त्यावर चार-चार मार्कांचे प्रश्न काढतो. पण बेसन मला सुचलं नव्हतं. चोवीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

गल्लीनं त्याला सर्वांत जास्त डोक्यावर घेतलं ते त्याच्या एका फजितीसाठी. श्रावणाच्या सुमाराला तिथल्या एका रानात त्याला ज्वारी दिसली. कणसं दुधात आलेली. मंगळवेढ्याच्या माणसाला दुधात आलेलं कणीस दिसलं की त्याचे हात शिवशिवतातच. त्यानं रानाच्या मालकाला खुणेनं विचारलं, पाच-सहा कणसं मोडून घेतली, म्हातारीच्या दारात काटक्यांची आगटी केली, कणसं भाजली आणि तळहातावर चोळून हुरडा काढला. सगळं खेडं वाडगे घेऊन भोवती जमलं. त्यानं पहिली मूठ तोंडात टाकली आणि तोंड आवळून आलं. ती ज्वारी तांबडी, दारू गाळण्यासाठी लावलेली, हिरवी सुपारी चघळल्यासारखी तुरट. तिकडं कोणी ती भाजून खात नाही, खाण्याचा विचारही करत नाही. पण एवढे लोक बघतायत म्हणून यानं ती मूठ गिळली आणि मान डोलावली. म्हातारीनं चार दाणे तोंडात टाकले आणि थुंकली. त्या दिवसापासून त्याला तिथं कच्ची ज्वारी खाणारा म्हणून हाक मारायचे. जो भेटेल तो त्याला काहीतरी गोड खायला आणून द्यायचा, जणू त्याच्या तोंडाची ती चव अजून गेली नसावी.

ही गोष्ट सांगताना तो स्वतःच इतका हसला की डोळे पुसावे लागले. माझ्या मनात आलं, मी गेलो असतो तर ती ज्वारी तांबडी आहे, तिच्यात तुरटपणा असतो, हे मला आधीच कळलं असतं. मी तोंडात टाकली नसती. आणि मला कोणी कुठल्याच नावानं हाक मारली नसती. हे कळत होतं आणि त्यानं माझा जळफळाट आणखीच वाढत होता.

नदीची गोष्ट त्यानं शेवटी सांगितली. रोज सकाळी तो कड्यावर उगवतीकडं तोंड करून लिंगपूजा करायचा. समोर खाली नदी, नदीपलीकडून सूर्य, आणि पाणी त्याच्या उजव्या हाताकडं जायचं. निघायच्या दिवशी म्हातारी गुडघे धरत धरत त्याच्याबरोबर खाली पाण्यापर्यंत आली. तिनं नदीकडं बोट दाखवून नाव सांगितलं, ह्वांग हो. मग मातीकडं बोट केलं, वरच्या घरांकडं केलं, स्वतःकडं केलं. यानं ओंजळ भरून लिंगावर पाणी घातलं आणि भीमेला करतो तसा नमस्कार केला. त्याचं बघून म्हातारीनंही हात जोडले.

त्याच आठवड्यात आम्ही गावी गेलो. अप्पा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरातले. अजून रानात जातात. त्यांनी भावाला आपल्या घोंगडीवर बसवून घेतलं आणि प्रश्न सुरू केले. माती किती हात खोल? पाऊस पडल्यावर चिखल होतो का? भेगा पडत्यात का? नदी केवढी रुंद? मी समोर बसलो होतो. अप्पांनी मला एवढ्या वर्षांत भूगोलातलं काही विचारलेलं नाही. पगार झाला का विचारतात, मुलगी काय शिकते विचारतात. मला वाटायचं, त्यांना परदेशाची गोडी नाही. ती होती. माझ्याकडून नको होती, एवढंच. परतताना एसटीत मी भावाशी एक शब्द बोललो नाही. दमलाय जणू दादा, असं म्हणून त्यानं खिडकीकडची जागा मला दिली.

आमच्या शाळेत संक्रांतीच्या सुमाराला भूगोल दिन करतात. दरवर्षी भाषण माझं असतं. या वर्षी मुख्याध्यापिकाबाई मला ऑफिसात बोलावून फार प्रेमानं म्हणाल्या, सर, तुमचे बंधू प्रत्यक्ष राहून आलेत ना, मुलांना यंदा त्यांनाच ऐकू द्या, तुम्ही प्रास्ताविक करा. मी हसून हो म्हणालो. त्या हसण्याचे कष्ट मलाच माहीत.

भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला.  तो आपल्याच भाषेत बोलला, आणि ज्या मुलांना मी दोन तासांत चार वेळा गप्प करतो ती मुलं आपोआप गप्प होती. कच्च्या ज्वारीच्या गोष्टीला मागच्या भिंतीपर्यंत हशा पोचला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो फळ्याकडं वळला, माझा पिवळा खडू उचलला आणि त्यानं चीन काढला. कोणीतरी चावा घेतलेल्या भाकरीसारखा. त्यात एक खेडं म्हणून ठिपका दिला आणि ठिपक्याच्या उजवीकडून, वरून खाली, नदीची रेघ ओढून बाण केला. "तितं नदी अशी वरनं खाली येती. म्हंजी उत्तरेकडनं दक्षिणेकडं."

आठवीतली एक मुलगी उभी राहिली. हुशार आहे, माझीच लाडकी. तिनं विचारलं, "सर, पण तुम्ही तर पश्चिमेकडून पूर्वेकडं सांगितलंय."

सगळा हॉल माझ्याकडं बघू लागला. भाऊही बघू लागला, निवांतपणे, आता दादा सांगेल अशा चेहऱ्यानं. एका वाक्याचं काम होतं. नदी तिथं मोठं वळण घेते, त्या तुकड्यात ती दक्षिणेलाच वाहते, दोघांचंही बरोबर आहे. ते वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. मी ते वळण शेकडो वेळा काढलंय. चुकून बोललो, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मी म्हणालो, "पाहुण्यांनी पाहिली ती मूळ ह्वांग हो नसावी. तिला मिळणारी एखादी उपनदी असेल. तिकडं पिवळ्या पाण्याच्या ओढ्यालाही लोक तेच नाव देतात. ह्वांग हो पश्चिमेकडून पूर्वेकडंच वाहते."

भाऊ फळ्याकडं वळला. मग त्यानं तळहातानं ती रेघ पुसली. "सर सांगत्यात तेच बराबर," तो मुलांना म्हणाला. "मी शिकलेला माणूस न्हाय. मला वाटलं, तीच ती." त्यानंतर तो फार बोलला नाही. बोरांचं काहीतरी सांगितलं, शाल-नारळ घेतला, टाळ्या झाल्या. त्याचा तळहात पिवळा झाला होता आणि तो पॅंटला पुसावा की नाही हे त्याला कळत नव्हतं.

त्याला मीच मोटारसायकलवरून घरी सोडलं. वाटेत मागून त्यानं विचारलं, मग ती नदी साधारण केवढी असेल दादा. मी म्हणालो, असेल आपल्या सीना नदीएवढी. तो बरं म्हणाला. मला सांगायला लाज वाटते, पण त्या संध्याकाळी मी चवीनं जेवलो.

पुढच्या दहा-बारा दिवसांत तो ती नदी सांगायचा बंद झाला. घरं सांगायचा, माती सांगायचा, ज्वारीची फजिती सांगायचा. टेम्पोवाल्यानं विचारलं तर म्हणाला, मोठी नदी बघायचं राहूनच गेलं. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. दोनदा सांगायला म्हणून त्याच्या घरी गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या रानात हुरडा होता. सकाळी दहाचं कोवळं ऊन, आगटीत गोवऱ्यांचा निखारा, चटणी, गूळ, दही. आमचा, गूळभेंडी ज्वारीचा हुरडा, दाणा दाबला तर दूध येणारा. अप्पांनी शेजारच्या रानातले दोन म्हातारे मुद्दाम बोलावले होते, पुतण्याची नदी ऐकवायला. कणसं चोळून झाली तसे ते भावाला म्हणाले, "सांग की त्या नदीचं. लिंगावर पाणी घातलास ते."

भाऊ हातातल्या हुरड्याकडं बघत म्हणाला, "न्हाय थोरले अप्पा, ती मोठी नदी नव्हती. दादानं सांगितलं मला. वढा हुता कुठला तरी. मी उगंच."

म्हातारे हसले. त्यांतला एक म्हणाला, म्हणजे एवढ्या लांब जाऊन ओढ्याला नमस्कार करून आलास. अप्पाही हसले. आणि भाऊ त्यांच्याबरोबर हसला, तळहातावरचा भुसा फुंकत. शाळेत माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं. इथं माझे वडील त्याला हसत होते आणि त्याला ते मान्य होतं. 

"वढा नव्हता," मी म्हणालो. "तीच मोठी नदी हुती. तितं ती दक्षिणेलाच वाहती. तू फळ्यावर बराबर काढली हुतीस."

 अप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मग त्याला तसं का सांगितलास?"

"मला बघवलं न्हाय अप्पा. त्यानं बघितली, मी न्हाय. म्हणून सांगितलं."

इतकं सरळ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, भाऊ चिडेल. किंवा नेहमीसारखा जाऊ दे की दादा म्हणेल, त्याची मला जास्त भीती होती. त्यानं दोन्ही केलं नाही. हुरडा पाटीत परत टाकला आणि विचारलं, "पक्कं?"

"पक्कं. तीच."

"म्हंजी म्हातारी खरं बोलत हुती." तो माझ्याकडं बघतच नव्हता. आगटीकडं बघून बोलत होता. "मला वाटलं, परका माणूस बघून तिनं मला फशिवलं. परवा तिच्या भाच्याचा, त्या फिटरचा, फोन आला हुता. दोनदा वाजला. मी उचलला न्हाय."

एवढं बोलून तो उठला, खिशातून फोन काढला आणि बांधाकडं चालू लागला.

माझ्या हिशेबात ती म्हातारी नव्हतीच. मी त्याची नदी घेतली, एवढंच मला माहीत होतं. ती गुडघे धरत खाली उतरली, हात जोडून उभी राहिली, तिला मी माझ्या एका वाक्यानं खोटारडी ठरवलं होतं, आणि इथं बसून तिच्याकडचा फोन वाजत ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात नदीचं वळण काढलं, पाहुण्यांचं बरोबर होतं आणि मी खोटं बोललो होतो, हे सांगितलं. ते सोपं गेलं. मुलांनी वह्यांतलं वाक्य सुधारलं आणि पुढचा धडा काढला. पण त्या रविवारी बांधावर जे चाललं होतं ते सोपं नव्हतं. फोन लागला होता. भाऊ त्याचे साठ-सत्तर शब्द सगळेच्या सगळे मोठ्यानं वापरत होता, मधे मराठी घालत होता, हसत होता, आणि दर दोन वाक्यांनी ह्वांग हो म्हणत होता. पलीकडून कोणीतरी तितक्याच मोठ्यानं बोलत असावं, कारण तो फोन कानापासून लांब धरत होता. अप्पा काठी टेकत त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यानं फोन अप्पांच्या कानाला लावला. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ते व्हय व्हय म्हणत राहिले.

मी आगटीपाशीच होतो. एवढं झाल्यावर तरी हेवा जायला हवा होता. गेला नाही. तो उलट अजून स्वच्छ झाला, कशाचा आहे ते आता नीट दिसत होतं: नदीचा नाही, बांधावरच्या त्या फोनचा.

भाऊ परत आला आणि अप्पांच्या शेजारी, माझ्याकडं पाठ करून बसला. मग त्यानं म्हाताऱ्यांना नदी पहिल्यापासून सांगायला घेतली. रुंदी कुठून कुठवर ते हातानं दाखवलं, या बाभळीपासून पार त्या विहिरीपर्यंत. मी मान वाकडी करून त्याच्या खांद्यावरून ऐकत होतो. त्या पाण्याचा आवाज कड्यावर घरापर्यंत येतो का, हे मला विचारायचं होतं. चोवीस वर्षांत हा एकच प्रश्न मला असा पडला होता की ज्याचं उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं. ते त्या पाठीला ठाऊक होतं, आणि मला विचारायला तोंड नव्हतं.